लाथा झेलणारी राखी

अनसिंगच्या शाळेत पोरांना दुपारी जी खिचडी मिळते, ती राखी इंगोले शिजवते. तिच्या जोडीला नीलिमा म्हणून दुसरी बाई आहे, पण खिचडीचा भला मोठा गंज, म्हणजे पातेलं, शेगडीवर चढवणं आणि त्यात लांब दांड्याचा सराटा फिरवणं हे काम राखीचंच. बांध्यानं ती बुटकी, रुंद, पाय रोवून उभी राहणारी. नवरा हरीओम ट्रॅक्टर चालवतो आणि फार बोलत नाही. मुलगी एकच, निकिता. ती वाशीमच्या कॉलेजात शिकते.

कॉलेजला जायला लागली तशी निकिता घरात बोलेनाशी झाली. संध्याकाळी बसमधून उतरायची, दोन घास खायची आणि मोबाइल घेऊन कोपरा धरायची. "काय झालं व आज कालेजात?" राखी विचारायची. "काही नाही," एवढंच उत्तर. भांडण नाही, रुसवा नाही, नुसतं काही नाही. राखीला वाटायचं, पोट्टी आपल्या हातून निसटून चालली, आणि कुठं चालली तेही आपल्याला ठाऊक नाही.

मग एक दिवस ती बोटांची पेरं सुजवून घरी आली. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की वाशीममध्ये टायरच्या दुकानावरच्या हॉलात शाजिया मॅडम नावाची कुणी बाई मुलींना एमएमए शिकवते. बुक्का, लाथ, कुस्ती, सगळंच ज्यात चालतं असा तो खेळ. ही तिथं महिन्याभरापासून जात होती.

हरीओमनं ऐकलं आणि उठून ट्रॅक्टर धुवायला गेला. राखी घाबरली, पण पोरगी कित्येक दिवसांनी सलग चार वाक्यं बोलली होती. त्या चार वाक्यांपायी ती गप्प राहिली.

क्लास आठवड्यातून तीनच दिवस. उरलेल्या दिवशी सराव घरी करायचा, आणि सरावाला समोर माणूस लागतो. "मम्मी, दहा मिनिटं उभी राय ना फक्त. तुले काही करायचं नाही," निकिता म्हणाली. राखीनं जुनी गोधडी घट्ट गुंडाळली, नायलॉनच्या दोरीनं बांधली, छातीशी धरली आणि मागच्या अंगणात उभी राहिली. निकितानं मारायला सुरुवात केली.

आणि मारता मारता ती बोलायला लागली. दम लागला की गुडघ्यांवर हात टेकून वाकायची आणि त्या वाकलेल्या अवस्थेतच सांगत सुटायची. कोणत्या मैत्रिणीचं लग्न मोडलं, कोणत्या सरांचा तास डोक्यावरून जातो. बसमध्ये एक माणूस रोज मुद्दाम मागं चिकटून उभा राहायचा, हेही तिथंच निघालं. "मंग एक दिवस मी वळली अन् त्याच्याकडे नुसतं पाह्यलं, मम्मी. दुसऱ्या दिवसापासून थो पुढच्या दारानं चढून राह्यला." राखीच्या हातातली गोधडी खाली आली. एवढे दिवस ही पोरगी हे पोटात घेऊन फिरत होती. "धर ना वर," निकिता म्हणाली, आणि राखीनं गोधडी पुन्हा वर धरली.

त्या दिवसापासून राखी संध्याकाळची वाट पाहायला लागली. दंड काळेनिळे व्हायचे, रात्री कूस बदलताना कळ यायची. पण संध्याकाळ झाली की स्वयंपाक आटोपून, पदर खोचून ती आपणहून अंगणात जायची.

अपघात झाला तो साध्या एका लाथेनं. निकिता क्लासमधून नवीन फटका शिकून आली होती. पाय कमरेतून फिरवून बाजूनं मारायचा. राखी गोधडी छातीशी धरून होती आणि लाथ गोधडीच्या खालून, बरगडीवर बसली. राखी मटकन खाली बसली. तोंड उघडं, पण श्वास आत जाईना. डोळ्यांपुढं अंधारी. निकिता "मम्मी, मम्मी" करत रडायला लागली. हरीओम धावत आला, त्यानं राखीला उचलून बाजेवर टेकवलं आणि पोरीकडे अशा नजरेनं पाहिलं की तिचं रडणंही थांबलं.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पण मार आतला आहे, काही दिवस जड उचलायचं नाही. राखीनं सगळ्यांना सांगितलं की न्हाणीत पाय घसरला. नीलिमानं तिच्या हातून सराटा काढून घेतला आणि गालात हसत म्हणाली, "न्हाणीले पाय असते हे मले आजच कळलं." गावाला काय कळायचं ते कळलं होतं. पण जोवर बरगडी दुखत होती तोवर नीलिमानं एकटीनं गंज चढवला आणि उतरवला, आणि त्याचा कधी उच्चारही केला नाही.

घरी मात्र सगळं थंड झालं. निकितानं क्लास सोडला. गोधडी सोडून, धुऊन, घडी करून ठेवली. पुन्हा मोबाइल, पुन्हा कोपरा. "काय झालं व?" "काही नाही."

"बरं झालं," हरीओम म्हणाला. "सुटली एकदाची."

"काही बरं नाही झालं," राखी म्हणाली. नवऱ्याला ती सहसा असं तोडून बोलत नसे. "माही बरगडी भरून येईन. पोट्टी बोलाची थांबली, थे कोण भरून देईन?"

क्लासला का येत नाही म्हणून चौकशी करत, पुढच्या रविवारी शाजिया स्वतः अनसिंगला आली. राखीच्या मनात मॅडम म्हणजे कुणी धिप्पाड बाई होती. दारात उभी राहिली ती तिशीतली सडपातळ मुलगी, डोक्याला ओढणी, पायात बूट. चहा घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि मग निकिताकडे वळली.

"तुले कोन सांगतलं व असं बिना गार्डचं मारायला? मी क्लासमंदी गार्डशिवाय कोनाले पाय उचलू देतो काय?"

निकिता मान खाली घालून पुटपुटली,

"मले वाटलं, घरीच तर हाय..."

"घरी हाड वेगळं असते काय?" शाजियानं ओठ वर करून पुढचा एक दात बोटानं दाखवला. "हा नकली हाय. माऊथगार्ड घरी ईसरली होती. मैत्रीण म्हने, आज हळूहळू खेळू. हळूहळूच खेळलो, चाची, तरी गेला." मग ती राखीजवळ सरकली. "पोरी येतात, मले म्हनतात मॅडम हे ग्लोव्हज घेतो, थे हेडगार्ड घेतो. मी म्हनतो, तुह्या समोर कोन उभं राह्यते, पयले त्याच्यासाठी घे. तुमाले पोटाचं पॅड पाह्यजे, चाची. तुमची तब्येत बरी झाली की आपन तिघी अकोल्याले जाऊ."

ही बाई पोरीला परत न्यायला आली असेल, हे राखीनं धरलं होतं. आपल्यासाठी काही घ्यायचं ठरवून आली असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बरगडीचं दुखणं थांबल्यावर अकोल्याचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी नीलिमानं विचारलं, "पॅड घ्याले अकोल्याले कायले जातं व? मेडिकलमंदी भेटते ना." दोघी इतक्या हसल्या की राखीला पोट धरून बसावं लागलं.

वाशीमहून त्या रेल्वेनं अकोल्याला गेल्या. दुकान खेळाच्या सामानाचं, छतापर्यंत भरलेलं. निकिताचे डोळे लगेच भिंतीवरच्या लाल-सोनेरी ग्लोव्हजवर गेले, बोटं उघडी असलेले, पातळ.

"हे मॅचचे," शाजिया म्हणाली. "रोजच्या सरावाले जाड पाह्यजे, गादी जास्त. ज्याले लागते त्याचाही जीव वाचते अन् तुही बोटंही." तिनं साधे काळे, फुगीर ग्लोव्हज काढायला लावले. नडगीचे गार्ड निकिताच्या पायाला बांधले आणि तिला उड्या मारायला सांगितलं. पहिली जोडी दोन उड्यांतच फिरून पोटरीवर गेली. ती बाजूला. दुसरी जागेवर राहिली. हेडगार्ड घालून मान हलवायला सांगितलं, ते भुवईवर सरकलं. "डोळा झाकला की बुक्का दिसनार कसा?" तेही बाजूला. लहान मापाचं घट्ट बसलं, तेव्हा शाजियानं तिची हनुवटी धरून सांगितलं, "हे घालून सोताले वाघ नको समजू. कातडी फाटत नाही याच्यानं, पन डोकं आतून हालतेच. डोकं गरगरलं की त्या दिवशी खेळ बंद. मले विचारायचं नाही, बंद."

राखी ऐकत होती. आपली पोर कुणाच्या हातात आहे, हे तिला त्या दुकानात कळलं.

मग दुकानदारानं पोटाचं पॅड आणलं. राखीला बांधलं तर ते छातीपासून गुडघ्यापर्यंत आलं. आरशात पाहून ती म्हणाली, "माय व! मी तर खिचडीचा गंज दिसून राह्यली."

दुकानदार हसला. "काकू, तुमी लढणार काय?"

"नाही भाऊ. मी मार खाते."

दुसरं पॅडही पुरुषाच्याच मापाचं. तिसऱ्याचे पट्टे पाठीमागं पुरले नाहीत. राखीला संकोच वाटायला लागला. "राहू दे व, त्यातलंच एखांदं चालीन," ती पुटपुटली. साडीवरचा ब्लाउज सोडला तर आयुष्यात काहीच तिच्या मापाचं आलं नव्हतं. चप्पल जी मिळेल ती, स्वेटर नणदेचा, शाळेतला अ‍ॅप्रन आधीच्या बाईचा. पण शाजिया ऐकेना. तिनं दुकानदाराला माळ्यावर चढवलं. तिथून एक निळं पॅड खाली आलं, जरा अरुंद, गळ्याशी कमी, बरगड्यांवरून नीट वळलेलं. शाजियानं अंगठ्यानं दाबून पाहिलं, दबलेला फोम पुन्हा वर आला. पट्टे ओढून बांधले. राखीनं हात वर केले, खाली वाकली, वळली. पॅड तिच्याबरोबर वळलं.

"बसलं," ती म्हणाली, आणि पॅडवरून पुन्हा एकदा हात फिरवला.

"आता मारून पाह्य," ती निकिताला म्हणाली.

निकिता मागं सरली. "इथं नको."

"मंग कुठं? घरी नेल्यावर खराब निघालं तर? मार."

"मम्मी, नको ना." त्या दिवसानंतर तिनं पाय उचललाच नव्हता. राखीनं ओळखलं, पॅड घेऊन गेलो तरी ही मारणार नाही. अंगणात नुसती उभी राहील.

तिनं दुकानाच्या मधोमध पाय रोवले, एक पुढं, एक मागं. "निकी, इकडे पाह्य. मी म्हणून राह्यली ना. मार."

निकितानं पाय उचलला आणि नुसता टेकवला.

"हे काय, माशी हाकलून राह्यली काय? अजून."

दुसरी जरा बरी. शाजिया राखीच्या मागं, हात पसरून उभी राहिली.

"अजून व!"

तिसरी लाथ कमरेतून आली. धप्प! काउंटरवरचे चेंडू हलले. राखी एक पाऊल मागं गेली आणि थांबली. श्वास घेतला. गेला आत. बरगडीपाशी कळ नाही, नुसता एक धक्का, पाठीवर कुणी थाप मारावी तसा. "लागलंच नाही!" ती ओरडली. "बाप्पा, लागलंच नाही!" निकिता तिच्या गळ्यात पडली, मध्ये ते निळं पॅड. दोघी हसत होत्या की रडत, हे दारात थांबलेल्या लोकांना कळलं नसेल.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात, त्याच दुकानातून आणलेल्या माऊथगार्डचा कार्यक्रम झाला. चहाच्या भांड्यात पाणी गरम करून त्यात ते बुडवायचं, मऊ झालं की काढून दातांवर चावून बसवायचं. निकिताला ओकारीसारखं झालं, तोंडातून लाळ गळली, शब्द फुटेनात. हरीओम दारातून पाहत होता. त्यालाही हसू आवरेना. मग तो कुणी न सांगता आत आला, पॅड उचललं, स्वतःला बांधून घेतलं. निकिताची एकच लाथ खाल्ली, कांद्याच्या पोत्यावर जाऊन आदळला आणि बसल्या बसल्या बायकोला म्हणाला, "तू हे रोज झेलत होती? गोधडीवर?"

"हाव."

दुसऱ्या दिवशी त्यानं मागच्या अंगणातले दगड वेचले आणि माती सपाट करून दिली.

हिवाळ्यात निकिता अमरावतीला स्पर्धेला गेली. पहिली लढत जिंकली, दुसरी हरली. गाल सुजवून आली, पण दात सगळे जागेवर होते. राखीनं आधी तेच पाहिलं, दिव्याखाली, तोंड उघडायला लावून. त्या संध्याकाळी पोरगी दोन्ही लढती हातवारे करून सांगत बसली आणि हरीओम मध्ये मध्ये प्रश्न विचारत राहिला.

दुसऱ्या दिवशी राखीनं पॅड पुसून उन्हात ठेवलं. आतल्या बाजूला शिवण होती, बारीक, दुहेरी, एक टाका वाकडा नाही. कुठल्या गावच्या कोणत्या बाईनं, की माणसानं, हे शिवलं असेल? त्याला काय माहीत, अनसिंगात कोण अंगावर घालते ते. "सुखी राय बाप्पा, जो कोणी अशीन थो," ती मनात म्हणाली. मग शाजियासाठी म्हणाली, नीलिमासाठी म्हणाली. यादी वाढत गेली तसं तिला स्वतःचंच हसू आलं, पण तिनं कुणाला गाळलं नाही.

आता रविवारी सकाळच्या बसनं राखीही वाशीमला जाते. शाजियाच्या हॉलात लहान मुलींची नवी तुकडी आहे. पाय उचलायला घाबरणाऱ्या पोरी शाजिया तिच्याकडे पाठवते. परवा त्यातली एक समोर येऊन नुसतीच उभी राहिली. "लागलं तर, काकू?"

"मले?" राखीनं पॅडवर दोन थापा मारल्या. "अवं, मी पक्की बांधून आली. ये, घरी कोण कोण हाय तुह्या, थे सांग, अन् मार."