रखमाचं नाव

आज गल्लीत कुणीतरी सुताला खळ दिली. तो आंबूस वास घरात आला आणि नरसम्मा आठवली.

माझं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं. नाव न ठेवलेल्या मुलीसाठी आमच्या घरात कुणी रडत नसे. माझं बोलणं, जेवण सगळं सुटलं होतं. नवरा गिरणीत गेला की सासूबाई सासऱ्यांना म्हणत, "ह्या येडीला वळसंगला माहेरी धाडा." एकदा धाडलं की परत आणणार नाहीत, हे मला कळत होतं.

नरसम्मा शेजारची, तेलंगी विणकरीण. मागासाठी सुताच्या कांड्या भरायला हात हवा म्हणून ती मला घेऊन जाई. ती रहाट फिरवायची, मी सूत सोडवून द्यायची. तिची नजर माझ्यावर नाही, सुतावरच असे, म्हणून मला तिच्याजवळ बसता येई.

एके दुपारी तिनं विचारलं, "नाव काय ठेवणार होतीस गं?"

"रखमा."

"कुणावर गेलती रखमा?"

"माझ्यावर. कपाळ लई मोठं." मी हसले आणि हसता हसता रडू फुटलं. घाबरून तोंडात पदर कोंबला.

नरसम्मानं रहाट जोरात फिरवला. खडखडाटात सगळं बुडालं. "रड की पोरी. तुझ्या सासूला काय ऐकू येत न्हाय."

त्या संध्याकाळी मी भाकरी मागून घेतली. माहेरी धाडायचं बोलणं हळूहळू थांबलं.

पुढं झालेल्या मुलांना दिवसभर हाका मारल्या. रखमाचं नाव आजही ओठांतल्या ओठांत घेतलं. नरसम्मा गेली, आणि आवाज झाकायला रहाट नाही.