मीच टाकलेला उजेड

दिवाळीच्या सुट्टीत तिसगावला घरी होते. सकाळीच लॅपटॉपवर एका दीर्घिकासमूहाचं रेडिओ चित्र उघडलं. शेकडो दीर्घिका एकाच ठिकाणी जमलेल्या. त्यांना बांधून ठेवणारं डार्क मॅटर आजवर कुणी पाहिलेलं नाही. पण त्याचे कण एकमेकांवर आदळून संपत असतील, तर तिथे अगदी पुसट रेडिओ उजेड उरायला हवा. तो शोधणं हीच माझी पीएचडी.

चित्रातून आधीच माहीत असलेल्या दीर्घिकांचे ठिपके वजा केले आणि मधोमध तो दिसला! गोल, मंद. "आई, सापडलं गं!" मी किंचाळलेच. आई पिठाच्या हातानं धावत आली. तिला काय कळलं देव जाणे, पण दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीत पेढे वाटून झाले. मीही माझ्या मार्गदर्शक सरांना चित्र पाठवून मोकळी झाले. "उद्याच्या बैठकीत दाखवतो," त्यांचं लगेच उत्तर आलं.

संध्याकाळी सहज फाईलचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. पुसट उजेड आपल्या पद्धतीतून निसटत तर नाही ना, हे बघायला आम्ही स्वतःच एक खोटा उजेड निरीक्षणांत मिसळतो. ती प्रत वेगळी ठेवायची असते. मी बावळट, तीच उघडून बसले होते. तो उजेड मागच्या आठवड्यात मीच टाकला होता!

खरी प्रत उघडली. काही म्हणजे काही नव्हतं. आता सरांना आजच कळवायचं, म्हणजे पीएचडीच्या सहा वर्षांनंतर हातात भोपळा. आईजवळ बसून ढसाढसा रडले, सगळं सांगितलं.

"येड्यावानी करू नको. पेढे दिवाळीचे म्हनून खाल्ले लोकांनी." मग तिनं पडद्यावरच्या दीर्घिकांच्या ठिपक्यांकडे बोट केलं. "हे एवढ्या जोरात पळत्यात म्हनतीस, मंग पांगत कसे न्हाईत?"

"काहीतरी धरून ठेवतंय. दिसत नाही."

"म्हंजी हाय तर खरं."

सापडत नाही म्हणून रडताना, ते आहे याचंच मला नवल वाटेनासं झालं होतं. मी सरांना लिहिलं, "तो उजेड खोटा, मीच टाकलेला. खऱ्या चित्रात काही नाही. माफ करा."

आई अजून पडद्यासमोरच होती. नमस्काराला उचललेले हात मध्येच थांबले.

"कुठं बघून जोडू गं?"

सहा वर्षं मी तेच शोधत होते.