मोहावरची थैली

तुळशीराम कुमरे गेला ही बातमी मला कोणी दिली नाही. ती द्यायचं काम माझ्यावर होतं. सकाळी रोजच्यासारखा चहाला गेलो, तर गडी खाटेवर निवांत निजलेला. हात लावला, समजलो. आणि डोळे पुसायच्या आधी माझी नजर खुंटीवरच्या थैलीवर गेली...

आमचं गाव आर्वीच्या पुढे, टेकड्यांच्या खोबणीत. घरात मोबाईल म्हणजे नुसता डबा. रेंज मिळते ती टेकाडावरच्या मोहाच्या झाडाखाली. तुळशीरामची बायको वारली तेव्हा तिकडे चढून फोन करायचं कोणाला सुचलं नाही. पोरगी सुगंधा नाशकात नर्स. तिला निरोप मिळाला तोवर माती उरकली होती. आली, रिकाम्या खाटेपाशी बसली आणि एवढंच म्हणाली, "बाबा, मले आईचं तोंडबी दिसलं नाई."

ते वाक्य त्याच्या काळजात रुतलं. त्यानं मोबाईल घेतला आणि रोज सकाळी टेकाड चढायला लागला. मग शेजारी म्हणाले, माझाबी नेजो. असं करत करत थैली झाली. घरोघरचे मोबाईल गोळा करायचे, थैली मोहाच्या फांदीला टांगायची. आत टुंगटुंग सुरू झालं की निरोप उतरले समजायचं. तोवर बापलेक त्यांच्या गोंडीत बोलत. मला एक शब्द कळत नसे, पण त्याचं तोंड पाहून पोरीची तब्येत मी सांगू शकत होतो.

एकदा वानरानं थैलीच पळवली. वर शेंड्यावर वानर, त्याच्या हातात थैली आणि थैलीत कोणाचा तरी फोन वाजून राह्यला! मी खालून म्हटलं, "तुळशा, आता त्यालेच हॅलो म्हणायले लाव!" तो चिडून म्हणाला, "हासू नोको बे, तुया घरचाबी हाये त्याच्यात!" माझ्या सुनेचा होता. माझं हसू तिथंच थांबलं.

चांगली बातमी तो अर्ध्या टेकाडावरूनच ओरडायचा. वाईट असली की गप उतरायचा. त्या घरापुढे चपला काढून उभा राहायचा. त्याचे अनवाणी पाय दिसले की घरचे समजत.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. मोबाईलला हात लावणार नाही म्हणालो, तर लावला नाही. पण तुळशीरामनं एक दिवस मला मोहाखाली बसवलं. "नामदेवा, हा सुगंधाचा फोटो. याच्यावर बोट ठेवजो, बस."

"काऊन? तू कुठं चालला?"

"जाईन तवा सांगाले येऊ का तुले? तिले तुयाच तोंडून कळलं पाह्यजे. या खेपेले वेळेवर."

शब्द दिला. बाकी काही शिकलो नाही, शिकणारही नाही.

तर त्या सकाळी शेजारी म्हणाले, आबा, तुम्ही राहू द्या, आम्ही लावतो. मी म्हटलं, बाजूला व्हा. तुळशाच्या मोबाईलसकट थैली घेतली, चढलो. दम लागला. मोहाखाली पोचलो तेव्हा ध्यानात आलं, माझ्या पायात चपला होत्या. काढल्या. मग फोटोवर बोट ठेवलं. एकदा लागला नाही... दुसऱ्यांदा घंटी गेली.

"बाबा?"

"मी नामदेव बोलून राह्यलो, पोरी."

बापाच्या फोनवरून माझा आवाज, तिला पुरे होतं. मग म्हणाली, "काकाजी, माती थांबवजा. मी निघाली."

थांबवलं. रेल्वेनं पुलगावला उतरून, तिथून गाडी करून दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आधी ती पोचली. बापाचं तोंड दोन्ही हातांत धरून त्यांच्या भाषेत किती वेळ बोलत होती. या वेळी रडली, पोटभर रडली. तिचं रडणं ऐकून माझ्या छातीवरचा दगड उतरला. दुःखात असं म्हणू नये, पण मला बरं वाटलं. तुळशीरामलाही वाटलं असेल.

आता थैली माझ्या खुंटीवर असते. सकाळी मीच नेतो. पोट्टे टोमणे मारतात, "आबा, तुमी त मोबाईलले हात लावत नव्हते ना?" मी म्हणतो, "आताबी नाई लावत. थैलीले लावतो."

फांदीला थैली टांगली की तुळशाच्या मोबाईलवर सुगंधाचा फोन येतो. तेवढा एक मी उचलतो. मग टुंगटुंग थांबेपर्यंत बसतो आणि उतरतो. अजून तरी पायात चपला घालूनच उतरतो.