संसार म्हणजे जग

काशीच्या ब्रह्मा घाटाजवळच्या घरात पद्माकाकूंची पुतणी ऋता मोबाइलवर वाचकांची मतं मोठ्यानं वाचत होती. पुस्तक काकूंच्या यजमानांचं: विश्वेश्वररावांनी टिपा लिहिलेली, एका जुन्या शोकांतिकेची अभ्यास-आवृत्ती. राव जाऊन तीन वर्षं झाली होती. पुण्याचे प्रकाशक आता नवी आवृत्ती काढणार होते. टिपांबद्दल तक्रारी आहेत, त्या दुसऱ्याकडून लिहून घेऊ, रावांचं नाव गाळू, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी त्यांचा फोन येणार होता.

"हा म्हणतो, 'राणी मरायला फार वेळ लावते.'"

"तुला काय घाई रे मेल्या!" काकू मोबाइलवरच खेकसल्या.

"और ये नागपूरवाला... काकू, रहने दो."

"वाच गं."

"'राणी म्हणते, माझा संसार बुडाला. टिपेत काय, तर संसार म्हणजे जग! टीपकाराला मराठी येतं का?'"

काकूंना हसूच आलं. राव जन्मानं काशीचे. मराठी उंबरठ्याच्या आत, बाहेर सगळा हिंदीचा कारभार. मुद्रितं तपासायचे ते गच्चीवर, थंडीच्या कोवळ्या उन्हात. शेजारी चूडा-मटरसाठी, म्हणजे तिकडच्या मटार-पोह्यांसाठी, मटार सोलणाऱ्या काकू, साताऱ्याहून लग्न होऊन आलेल्या. उपरणं डोक्यावर घेऊन राव स्वतःच राणी व्हायचे.

"अहो राणीसाहेब, संसार म्हणजे घरप्रपंच. जग हे तुमच्या हिंदीतलं!"

"प्रपंच बुडाल्यावर तिच्यापाशी जग तरी कुठलं उरलं, पद्मा?"

"पोरांचे मार्क जातील."

"जाऊ देत. रडतील तरी!" म्हणत रावांनी काकूंच्या पुढ्यातले मूठभर मटार तोंडात टाकले. टीप तशीच छापली गेली.

गेल्या तीन हिवाळ्यांत काकू मटार स्वयंपाकघरातच सोलत होत्या.

संध्याकाळी प्रकाशकांचा फोन आला. काकू म्हणाल्या, "टीप चुकली आहे, दुरुस्त करा. संसार म्हणजे घरप्रपंच."

"म्हणजे रावांचं नाव काढायला तुमची हरकत नाही?"

"आहे. नाव राहील. आणि त्याखाली लिहा, काशीत संसार जगालाही म्हणतात. राणीच्या तोंडी दोन्ही अर्थ बसतात."

"पण वहिनी, याला आधार काय?"

काकूंनी गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं. "होता हो आधार. तीन वर्षांपूर्वी गेला."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"सांगा वहिनी," मग प्रकाशक म्हणाले, "सावकाश सांगा. त्यांच्या नावानंच लिहून घेतो."