सुदाम्याच्या बायकोची ओळ

दुपारी वॉर्डाचं दार लावतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. आत माझे यजमान, श्रीरंग, खाटेवर पडून आहेत. त्यांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणालेत, फार थांबू नका. मी बाहेरच्या बाकावर टेकते. वरचा पंखा कुरकुरतोय. कुरकुरता कुरकुरता त्याला सूर लागतो, पेटीचा, काळी चार, आणि मला कळतं की डोळा लागतोय. लागू दे.

कारण समोरून मामंजी येतायत.

मुकुंदबुवा टेंभेकर, माझे सासरे, कीर्तनकार. जाऊन बरीच वर्षं झाली. तोच पांढरा अंगरखा, तोच फेटा, गळ्यात हार. फिनेलच्या वासात बुक्क्याचा वास मिसळतो.

"सूनबाई, इथे काय बसलीस? पूर्वरंग सुरू व्हायचाय."

"तुमच्या मुलाची झडप बिघडलीय, मामंजी."

"श्रीरंगाची? गावभरच्या पेट्या दुरुस्त करतो आणि स्वतःचा भाता सांभाळता येईना होय त्याला?"

विनोद करतात, पण डोळे भरलेत. कीर्तनातही असंच करायचे.

बाक कुठे गेला? मी सतरंजीवर बसलेय. देवळाचा सभामंडप आहे, फक्त खांबांना सलाइनच्या बाटल्या टांगल्यात आणि श्रोत्यांत निम्मे पेशंट आहेत. इस्पितळातल्या सरकारी योजनेच्या टेबलावरचा तरुण पहिल्या रांगेत बसून सकाळचंच वाक्य म्हणतोय, "काकू, कार्ड पांढरं आहे. पांढऱ्याला योजना नाही. केशरी आणा, ऑपरेशन फुकट होईल."

"पांढरं मीच करून घेतलं," मामंजी ताठ होतात. "रेशनचा माणूस आला, म्हणाला, बुवा, उत्पन्न काय? म्हटलं, ज्याच्या घरी रोज हरिकथा तो गरीब कसा? लिही, काही कमी नाही."

"आणि त्यानं लिहिलं. खुंटीवरच्या तुमच्या सत्काराच्या शाली बघून लिहिलं. ढीगभर शाली, मामंजी. एक तरी शिजली का?"

मंडपात कुणीतरी फिसकन हसतं.

हे मी बोलतेय! त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नाही. भीतीनं नव्हे. त्यांचं कीर्तन हेच माझं माहेर होतं. भाकऱ्या थापून धावत जायची आणि खांबाशी बसून पोटभर रडून यायची.

"आज संध्याकाळी तलाठी घरी येणारेत चौकशीला," मी सांगते. "चार शेजाऱ्यांसमोर मला म्हणायचंय, आम्ही गरीब आहोत. मग दाखला, आणि दाखल्यावर केशरी कार्ड."

"सूनबाई." आवाज एकदम खाली येतो. "जाताना तुझ्याकडून वचन घेतलं होतं मी. हा शब्द आपल्या घरात उच्चारायचा नाही."

"घेतलं होतंत. ते मोडतेय, एवढं सांगायचंय. विचारत नाहीये."

आता माझ्यापुढे जाळीची खिडकी आहे, मागे तहसील कचेरीची रांग. जाळीच्या पलीकडे नारदाची गादी अंथरलीय आणि तिच्यावर मामंजी उभे.

"मागायचं नसतं गं," ते जाळीतून म्हणतात. "सुदाम्याकडे बघ. द्वारकेत सोन्याच्या आसनावर बसला, पण तोंडातून शब्द काढला नाही. पुरचुंडीसुद्धा काखेत लपवली."

ते आख्यान! काय लावायचे ते! आत्ताही मला हुंदका येतो. आणि त्याच हुंदक्याच्या मागून राग येतो.

"मामंजी, पुरचुंडीतले पोहे कुठून आले?"

"बायकोनं बांधून दिले."

"तिच्या घरात होते?"

ते हातातली झांज उचलतात. "नव्हते. शेजारून आणले."

"म्हणजे ती दारोदार हिंडली. प्रत्येक दारात म्हणाली, आमच्याकडे काही नाही हो, मूठभर द्या. ते आधी झालं. मग तुमचा सुदामा, मग द्वारका, मग ती सोन्याची नगरी. तिनं तोंड उघडलं नसतं तर देवानं खाल्लं काय असतं? आणि तुम्ही तिला काय देता कीर्तनात? एक ओळ! बायकोनं पोहे बांधून दिले, की निघाला सुदामा. गायला एक साकीसुद्धा नाही तिच्या तोंडी."

रांगेतल्या बायका पुढे सरकतात. मामंजींची झांज हवेतच राहिलीय.

"आणि मी तर भिक्षाही मागत नाहीये. काडेपेटीपासून सगळ्यावर कर भरलाय आम्ही. माझंच मला द्या म्हणतेय."

"पांडुरंग रागावला तर?"

"रागावू दे. त्याच्याशीही भांडेन. तुमच्याच कीर्तनातून चांगली ओळख झालीय आमची."

मामंजी हसतात. मंडप दणाणून टाकणारं ते जुनं हसू. आणि गादीवरून खाली उतरतात.

आता आमचं स्वयंपाकघर आहे. गादी ओट्यासमोर पडलीय. पूर्वरंग झाला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात आणि बुवा उपरणं कमरेला बांधून आख्यानाला उभे राहतात. मामंजी आपला हार काढून माझ्या हातात ठेवतात.

"पदर बांध. दोन वेढे घे. गाठ डावीकडे, घट्ट."

"मी? नारदाच्या गादीवर?"

"तिची ओळ मला येत नाही, पोरी. तू लाव. मी मागे झांज धरतो."

मी बांधते. गादीवर पाय ठेवते. समोर तलाठी, चार शेजारी. मागून झांज वाजते. मी छाती भरून श्वास घेते—

"ओ काकू! उठा, वॉर्ड उघडला."

झाडूवाली मावशी समोर उभी आहे. "आणि हे काय, कुस्तीला निघालाय का?"

मी खाली बघते. झोपताना खांद्यावरून ओढून घेतलेला पदर कमरेला दोन वेढे घालून डावीकडे बांधलाय. मी आयुष्यात पदर नुसता खोचलाय, गाठ कधी मारली नाही. नखानं सोडवून बघते. सुटत नाही.

"कात्री आणू?"

"नको. असू दे तशीच." मी घसा साफ करते. "मावशी, आम्ही गरीब आहोत."

"बरं," मावशी म्हणते आणि झाडू पुढे घालते. "पाय उचला."