कानाने कॉफी भाजणारी

माझ्या मोठ्या जाऊबाई कॉफी कानाने भाजतात. बिडाची काळी कढई, काळपट होत जाणाऱ्या बिया आणि वर हा धूर. डोळ्यांना काय कपाळ दिसणार? बिया आधी लाह्यांसारख्या फुटतात, जरा गप्प बसतात, मग कागद चुरगाळल्यासारख्या बारीक कुरकुरतात. ती कुरकुर सुरू झाली की कढई खाली. थोडा उशीर झाला तरी कोळसा.

छापखान्यात तीस वर्षं यंत्रापाशी काढून त्या घरी बसल्या. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला दर आठवड्याला दोन किलो बिया भाजून देतात. त्याच्या पाटीवर ‘आजींची कॉफी’ असं लिहिलंय. बाई मुद्दाम त्या रस्त्याने भाजीला जातात.

गेल्या महिन्यात पिशवी दोनदा परत आली. "आजी, पुन्हा जळकं आलं तर मशीनवाल्याकडून घेईन," असा निरोप. जाऊबाईंनी बियांना नावं ठेवली, गॅसला ठेवली. मी भाजताना जाऊन बसले. कुरकुर सुरू झाली तरी बाई आपल्या ढवळतायत.

"अहो, उतरवा की!"

"काय?"

"बहिऱ्या झालात तुम्ही! कानाचं यंत्र घ्या."

"यंत्रांचं ऐकूनच हे झालंय. आणखी एक कानात कोंबू?"

मग मी त्यांच्यासाठी ऐकायला बसले आणि घाईघाईने ओरडले. बिया आंबट, अर्ध्या कच्च्या.

"दूध तापेपर्यंत तुला दम निघत नाही, तू कसली ऐकतेस!" त्यांनी मला स्टुलावर गप्प बसवलं. पुढच्या घाण्याला लाकडी चमचा बियांत रोवला आणि लांब दांड्याचं टोक कानामागच्या हाडाला टेकवलं. ढवळायचं, टेकवायचं, पुन्हा ढवळायचं. धुराने डोळ्यांतून पाणी गळतंय, पण बाई हलेनात.

"हे कुठलं खूळ?"

"छापखान्यातला मिस्त्री असाच पाना लावून यंत्राची खोड ओळखायचा. गप्प!... आला आवाज."

कढई खाली, बिया सुपात. मला कुरकुर ऐकू आली ती त्याच क्षणी.

हॉटेलवाला स्वतः आला. एक बी चावली, दुसरी चावली. त्याने तोंड उघडायच्या आत बाईंनी सांगून टाकलं, "मला ऐकू येत नाही. नंतर म्हणशील, लपवलं."

"ठाऊक आहे, आजी! वर्षभर घसा फोडतोय मी. पुढच्या आठवड्यापासून तीन किलो द्या."

"काय म्हणतोय गं?"

"तीन किलो!" मी ओरडले.

"अडीच," बाई म्हणाल्या. "दांडा टेकवून मान धरते."