ताईच्या तांदळात ठेवलेलं कार्ड

आमच्याकडचा खारा वारा तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून आधीच सांगते. भिंतीत खिळा ठोकायला घेतला, तर हातोडी खाली येईपर्यंत तो गंजलेला असतो. एका पाहुण्याने रात्री खिडकीत चावी ठेवली. सकाळी उचलायला गेला तर चिमूटभर तांबूस पूड. कुलूप शेवटी त्या पुडीनेच उघडलं. खोटं वाटत असेल तर आमच्या ह्यांना विचारा. ते नाही म्हणतील, पण ते माझ्या प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणतात.

अशा हवेत मी कॉम्प्युटर पाळलाय. पाळलाय हाच शब्द बरोबर. श्रीवर्धनच्या अलीकडे आमची सुपारीची वाडी आहे, वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, आणि मागच्या पडवीत, मच्छरदाणीच्या आत, तो आहे. लॉकडाऊनमध्ये एक इंजिनिअर पाहुणा इथेच राहून कंपनीचं काम करायचा. माझ्या आंबोळ्यांवर तो इतका भाळला की जाताना आपला गेम खेळायचा अख्खा कॉम्प्युटर मला देऊन गेला. त्याने नवा घेतला होता म्हणून दिला, असं हे म्हणतात. म्हणू देत.

दुपारी पाहुणे मासळी जेवून आडवे झाले की आमची वाडी पाण्याखाली गेल्यासारखी होते. पोफळींतून खाली येणारा उजेड हिरवा आणि जड असतो. एखादी झावळी सुटली की ती जमिनीला टेकेपर्यंत एक डुलकी काढून होते. लांबून समुद्राचा आवाज येतो, पण तोही झोपेत कूस बदलल्यासारखा. त्या वेळेला मी मच्छरदाणीत शिरायचे, कानांवर हेडफोन चढवायचे आणि घोड्यावर बसायचे. माझा घोडा पांढरा. ताईचा तपकिरी.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. म्हसळ्याच्या आतल्या बाजूला, भाताच्या शेतात दिलेली. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला, आणि मी तिला फोनवर दमदाटी करून हा गेम शिकवला. त्या गेममध्ये म्हणे राक्षस मारायचे असतात. आम्ही दोघींनी आजवर एक मारलेला नाही. एकदा एक आमच्या वाटेत उभा राहिला, तर ताई त्याला म्हणाली, "बाजूला हो रे मेल्या, भात शिजत ठेवलाय घरी." आणि शपथेवर सांगते, तो झाला.

आम्ही नुसत्या फिरायचो. गवताच्या टेकड्या, त्यांच्यावरून वाऱ्याची सावली धावते, कुठे संपत नाहीत. घोडे चालत आणि आम्ही हेडफोनवरून बोलत.

मागचा पावसाळा सरताना भावोजी गेले. ताईचं बोलणं तिथेच थांबलं. फोन केला तर, "बरी हाय. तू जेवलीस?" एवढं म्हणून ठेवून द्यायची. घरी गेले तर ओटीवर बायका बसलेल्या, मध्ये चहाचे कप, आणि ताई त्या कपांकडे बघत असलेली. मी इतकी बडबडी बाई, की माझ्या आवाजाने म्हणे नारळ वेळेआधी पिकतात, पण तिथे मीही कपच मोजत बसायचे. गेममध्ये मात्र ती यायची. फोनवर बोलताना समोर भिंत असते. घोड्यावर बसलं की समोर वाट असते. वाटेत ती बोलायची. गाभण म्हशीबद्दल, विहिरीवरच्या सुगरणीच्या खोप्याबद्दल, शेजारच्या नव्या सुनेला भाकरी थापता येत नाही त्याबद्दल. भावोजींबद्दल मात्र एक अक्षर नाही. त्या बाजूला तिचा घोडा वळायचाच नाही. मी ओढला नाही. म्हटलं, वळेल तेव्हा वळेल, आपण रोज सोबत राहायचं.

आणि एका दुपारी घोडाच उभा राहीना. पडदा काळा झाला आणि त्यावर पाटी आली: गेम नवा झाला आहे, तुमचं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे. हे कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला चितारी. सगळं चित्र तोच काढतो. माझा चितारी म्हातारा झाला होता. ताईच्या मुलाने सुट्टीत येऊन तिच्याकडे नवीन बसवून दिला होता, त्यामुळे ती सरळ पलीकडे, नव्या मुलखात गेली आणि मी अलीकडे राहिले.

मी फोन लावला.

"इथं तळं हाय गो बाय," ताई म्हणाली. "पाण्यात घोड्याचं तोंड दिसतं."

"आणि कोण आहे तिथे?"

"कोण न्हाय. मी एकटीच बसते. बरं वाटतं."

ते "बरं वाटतं" मला काही पटलं नाही. आधीच घरात एकटी, आता तिथेही एकटी. मी ह्यांना म्हटलं, "उद्या अलिबागला जायचं. कार्ड आणायचं."

"घोड्यासाठी?"

"घोड्यासाठी."

"बरं," हे म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नाही म्हटलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं की पुढे काहीतरी होणार.

जाण्याआधी मी कॉम्प्युटरच्या डब्याच्या आतली लांबी मोजून घेतली. टेप खाऱ्या वाऱ्याने केव्हाच खाल्ली होती, म्हणून सुंभाचा तुकडा घेतला आणि जिथे जागा संपते तिथे गाठ मारली. ती सुंभाची गाठ पदराला बांधून मी अलिबागच्या दुकानात शिरले. आत थंडगार, अंधूक, आणि भिंतींवर निळे-जांभळे दिवे हळूहळू रंग बदलत होते, पाण्याच्या तळाशी उतरल्यासारखे. मी क्षणभर कशाला आले तेच विसरले.

"मुलासाठी का, काकू?" दाढीवाल्या दुकानदाराने विचारलं.

"मुलगा नाही. मीच."

"ऑफिसचं काम?"

"घोडा."

त्याने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान डोलावली. तो बिचारा काचेच्या कपाटाकडे वळला आणि त्याने तीन कार्डं माझ्यासमोर मांडली. एक छोटं, एका पंख्याचं, आगपेटीला बाळ व्हावं तसं. एक मधलं, दोन पंख्यांचं. आणि तिसरं! जेवायला बसायच्या पाटाएवढं, तीन पंख्यांचं, अंगभर दिवे. हे म्हणाले, "ह्याच्यात जत्रेतला पाळणाच बसवलाय."

मला अर्थातच पाळणा हवा होता. मी घरी गेले की ताईला सांगणार होते, माझ्या कार्डाच्या उजेडात जंजिऱ्यापर्यंतच्या होड्या वाट शोधतात.

मी त्याला सुंभ लावला. कार्ड गाठीच्या पुढे गेलं. मी सुंभ जरा ओढला.

"सुंभ ओढला की वाढतो," हे म्हणाले. "डबा न्हाय वाढत."

दुकानदाराने मला प्रोसेसर विचारला, पॉवर सप्लाय विचारला. मी दोन्हीचे फोटो दाखवले. तो म्हणाला, "काकू, मोठं कार्ड बसलं असतं तरी दिलं नसतं. तुमचा प्रोसेसर जुना आहे, तो त्याला धावायलाच देणार नाही. आणि हा पॉवर सप्लाय त्याला पोसणारही नाही."

"म्हाताऱ्या बैलाच्या मागे ट्रॅक्टरचा नांगर," हे म्हणाले. ह्यांना त्या दिवशी फार सुचत होतं.

"मग छोटं?"

"छोट्याला मेमरी कमी. गेम चालेल, पण पुढच्या वर्षी पुन्हा याल."

मी मधलं हातात घेतलं. पापलेट घेताना कल्ला उघडून बघतात, तसं उलटसुलट केलं, पंख्यांतून पलीकडे बघितलं. मग दुकानदाराला तेवढं एकच विचारलं जे खरं विचारायचं होतं. "ह्याच्यात तळ्यातल्या पाण्यात तोंड दिसेल?"

"बाकीच्या सेटिंग खाली ठेवल्यात तर दिसेल. झाडांची पानं जरा कमी दिसतील."

"पानं माझ्या वाडीत आहेत," मी म्हटलं. "पाणी बांधून द्या."

येताना आम्ही मुरुडवरून आलो आणि आगरदांड्याला फेरीबोटीत चढलो. मी खोकं मांडीवर घेऊन कठड्याशी बसले. खाडी संध्याकाळच्या उन्हात वितळलेल्या गुळासारखी होती, बोट चालतेय की डोंगर चालतायत ते कळत नव्हतं. माझा डोळा लागला. दिघीजवळ एक लाट आली. हे म्हणतात साधे शिंतोडे होते. माझ्या मते ती लाट थेट अरबस्तानातून, मला शोधत आली होती. खोकं चिंब.

आता आमच्या किनाऱ्यावर ओल लागलेल्या वस्तूला औषध एकच: तांदूळ. पाण्यात पडलेला मोबाईल, घामेजलेलं घड्याळ, जे असेल ते तांदळाच्या डब्यात पुरायचं. आमच्या आळीत एकदा भिजून आलेल्या जावयालाही कणगीत बसवला होता. कोरडा झाला, रुसवा तेवढा राहिला. तर मी खोकं फोडलं, चकचकीत पिशवी काढून टाकली, कारण पिशवीत ओल कोंडते, आणि ते नवंकोरं कार्ड उघडंच तांदळात पुरून, वर झाकण लावून, निश्चिंत झोपले.

तांदूळ ताईच्या शेतातला. दरवर्षी ती पोतं पाठवते, किडा लागू नये म्हणून दाण्यांना एरंडेल चोळून. दरवर्षी तो तांदूळ हाताला जेमतेम तुकतुकीत लागतो. ह्या वर्षी तो धुताना पाण्यावर तवंग यायचा, हे मला रोज दिसत होतं. पण कार्ड पुरताना आठवलं नाही.

सकाळी झाकण काढलं तर कार्ड कुठलं? पोहे लावलेली पाटवडी! दोन्ही पंखे दाण्यांनी गच्च, मागच्या पितळी-पांढऱ्या पात्यांच्या प्रत्येक फटीत तांदूळ, आणि सगळ्यावर एरंडेलाची चकाकी. ह्यांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, "आता फोडणी दे."

मी दुकानात फोन लावला. सगळं सांगितलं.

"काकू," तो म्हणाला, "तांदूळ वॉरंटीत बसत नाही."

"ते ठाऊक आहे. करू काय?"

"दाणे काढा. स्पिरिटने पुसा. पूर्ण वाळू द्या. मग लावून बघा. चाललं तर तुमचं नशीब."

सकाळभर आम्ही दोघं पडवीत बसलो. मी शिवणाची सुई घेऊन एकेक दाणा टोकरत होते, हे दाढीच्या ब्रशाला स्पिरिट लावून पुसत होते. एका पाहुणीने विचारलं, "काय निवडताय?" हे म्हणाले, "कॉम्प्युटर." मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढे सारखं ते तळं येत होतं, आणि काठावर एकटा तपकिरी घोडा. हे कार्ड गेलं तर दुसरं लगेच आणण्यासारखं नव्हतं. आणि ताईला तिथे बरं वाटायला लागलं होतं. एकटीने बरं वाटायची सवय फार लवकर लागते.

दुपारी कार्ड बसवलं. ह्यांनी बॅटरी धरली. मी देवाचं नाव न घेता बटण दाबलं, कारण अशा कामात देवाने तरी काय करायचं. पंखे फिरले. आतून आवाज आला, टिक, टिक, टिक. एक दाणा कुठेतरी राहून गेला होता. मग पडदा उजळला.

पलीकडचा मुलूख मी कसा सांगू? इतकं पाणी होतं की माझ्या पडवीचा रंग निळा झाला, मच्छरदाणीवर लाटा हलू लागल्या. ही थाप नाही. फार तर अर्धी. तळ्याच्या काठावर ताईचा घोडा उभा होता, मान खाली घालून. मी माझा पांढरा घोडा त्याच्याशेजारी नेऊन उभा केला. पाण्यात दोन तोंडं आली.

"आलीस?" ताई म्हणाली.

"आले. पण तुझ्या तांदळाने आज मला पांढऱ्या कपाळाची..." आणि मी जीभ चावली. मग घाईघाईने सगळी कथा लोटून दिली: लाट, डबा, पोहे, फोडणी, दाढीचा ब्रश. लाट मी डोंगराएवढी केली. तांदूळ खंडीभर केला.

"तेल जास्त झालं व्हय ह्या टायमाला?" तिने विचारलं.

"थोडं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट लहान करून सांगत होते.

"ते ओतायचे," ताई म्हणाली. "मी चोळायची, तेल ते ओतायचे. वाटीनं न्हाय, नुसते अंदाजानं. मी म्हणायची, पुरे, आणि ते म्हणायचे, तुला काय कळतंय. ह्या टायमाला मी ओतत बसले. पुरे म्हणायला कोण न्हाय, मग ओततच बसले."

मी घोडा हलवला नाही. पाण्यात वारा आला, दोन्ही तोंडं मोडली, पुन्हा जुळली. ती बोलत राहिली. तेलाबद्दल, मग त्यांच्या हाताबद्दल, मग त्या शेवटच्या पावसाबद्दल. पाहुणे उठले, चहाला हाका मारू लागले. ह्यांनी मच्छरदाणीतून डोकावून बघितलं आणि स्वतः चहा टाकायला गेले.

बऱ्याच वेळाने ताई थांबली.

"तुझ्याकडं ते टिकटिक काय वाजतंय गो?"

"तुझा तांदूळ. एक दाणा राहिलाय आत."

"काढू नको," ती म्हणाली. "वाजू दे."